‘टच अँड गो’चा अर्थ आणि वरची खोली

मी, रुग्णालयाच्या चौकशीच्या खिडकीवरून निवृत्त झालेली दुभाषी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, चहा घेऊन, चष्मा पुसून, पूर्ण शुद्धीत हे लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. उलट सूनबाई म्हणाली, “आई, आत्ताच कशाला हे?” म्हणून दार लावून बसले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगे काही नाही.

१. राहते घर माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या मुलाचे. मात्र वरची खोली, गॅलरीसह, परिचारिका ताईंकडे त्यांच्या हयातीपर्यंत राहील. तोवर घर विकू नये. ताई रक्ताच्या नात्यातल्या नाहीत, म्हणून कारण नोंदवते.

माझे पती छापखान्यात यंत्र चालवीत. एके सकाळी ते तिथेच कोसळले. मोठे डॉक्टर इंग्रजीतच बोलणारे. वॉर्डाच्या दारात मला म्हणाले, “इट्स टच अँड गो.” टच म्हणजे हात लावणे, गो म्हणजे जाणे, एवढे मला येत होते. मला वाटले, भेटून घरी जा म्हणतात, म्हणजे काळजीचे कारण नाही. मी यांच्या कपाळाला हात लावला आणि हसतच पिशवी उचलली. जिन्यात ताई आडव्या आल्या.

“कुठे निघालात?”

“घरी. डॉक्टरच म्हणाले.”

ताईंनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. “बाई, त्याचा अर्थ तसा नाही. त्यांचा जीव टांगणीला लागलाय. कधीही काहीही होऊ शकतं. परत चला, मुलालाही बोलावून घ्या.”

दुपारी यांना शुद्ध आली. मुलाच्या केसांतून हात फिरवला. मला म्हणाले, “दमलीस गं. बस जरा.” मी उशाशी बसले. संध्याकाळी ते गेले. ती दुपार मला ताईंनी दिली. खोली देऊन तिची भरपाई होते, असा माझा दावा नाही.

२. बँकेतील ठेवीचा अर्धा भाग मुलाला व सूनबाईला, आणि अर्धा रुग्णालयाला. तो फक्त दुभाष्याच्या पगारासाठी वापरावा. ती खिडकी रिकामी राहू नये. मला इंग्रजी ताईंनी शिकवले, तिथे कामाला त्यांनीच लावले. एकदा एक आजोबा रडत आले, “आमच्या हिचा खडा आतच राहिला म्हणतात!” डॉक्टर म्हणाले होते, “वी हॅव लेफ्ट नो स्टोन अनटर्न्ड.” मी म्हटले, “आजोबा, खडा निघालाय. प्रयत्नांत काही कसर ठेवली नाही, असं म्हणतायत.” आजोबांनी डोळे पुसले. “मग असं सरळ बोलायला यांची जीभ झिजते का?” हा प्रश्न मी डॉक्टरांना जसाच्या तसा इंग्रजीत ऐकवला. ते मनापासून हसले आणि पुढे माझ्या देखत तरी साधे बोलू लागले.

३. माझी भाजी चिरायची सुरी, धार लावून, थोरल्या दिरांना द्यावी. मी नवी नवरी असताना जेवणाच्या टेबलावर ते माझ्याकडे बघून जाऊबाईंना म्हणाले होते, “नॉट द शार्पेस्ट नाइफ इन द ड्रॉअर.” मला वाटले, सुऱ्या बोथट झाल्याची तक्रार आहे. दुसऱ्या दिवशी सगळ्या सुऱ्या धार लावून आणल्या. भावजी पोट धरून हसले. “हिची अक्कल जरा बेताची” हा खरा अर्थ मला फार उशिरा कळला. राग आता उरलेला नाही. पण सुरी द्यावीच.

४. शिवणयंत्र सूनबाईला. तिला शिवता येत नाही, पण ती माझ्या शेजारी बसून बटणे निवडून द्यायची, ते मला फार आवडायचे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती कोणाचे मन न दुखवता नाही म्हणू शकते.

ताईंना यावर साक्षीदार म्हणून सही करायची होती. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये. ताई लगेच म्हणाल्या, “मग माझं नाव खोड. मला सहीच करू दे.”

मी म्हटले, “सही करायला शेजारी आहेत. तू राहा.”

ठिकाण : राहते घर
दिनांक : सात मार्च

लिहून ठेवणारीची सही

आम्हा दोघांसमोर यांनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली :
साक्षीदार १ : शेजारचे औषध दुकानदार (सही)
साक्षीदार २ : समोरच्या शिंपीणबाई (सही)