चाळीस दिवसांचे वेल्डिंग

मंगळवार, २८ नोव्हेंबर

धाकटे मेहुणे यांस,
सा. न. वि. वि.

एरवी मी तुला 'चि. धाकट्या, अनेक आशीर्वाद' असे लिहितो. आज ते लेखणीतून उतरले नाही. तुझ्या घरी सर्व क्षेम असेल अशी आशा करतो. माझा रक्तदाब आटोक्यात आहे. स्वयंपाकाला बाई येतात. त्या मीठ कमी घालतात आणि बोलतात जास्त. तुझी ताई जाऊन आठ महिने झाले. घरात आवाज करणाऱ्या त्या एकट्याच.

पत्रास कारण ताईची गाडी.

उन्हाळ्यापासून तिचे डावे दार नीट लागत नव्हते. तुला चार वेळा फोन केला. प्रत्येक वेळी तू म्हणालास, "भाऊजी, तुम्ही हात लावू नका, मी येतो." तू आला नाहीस. अखेर गेल्या गुरुवारी, पूर्वी तुझ्या गॅरेजात कामाला असलेल्या मिस्त्रींकडे मी ती नेली. आता त्यांचे स्वतःचे वर्कशॉप आहे. त्यांनी गाडी पुढून-मागून उचलताच ती मधोमध वाकली आणि दार चौकटीत आवळून बसले.

तुला हे समजावण्याची गरज नाही, परंतु मला क्रमाने लिहिण्याची सवय आहे. दोन आसनांची ती उघडी गाडी. वर छप्पर नाही, म्हणून दारांखालच्या पत्र्याच्या दोन पोकळ पेट्या हाच तिचा कणा. त्यांतली डावी पेटी आतून गंजली होती आणि गेल्या वर्षी तू ती कापून नवी घातलीस, असे मला सांगण्यात आले होते.

मिस्त्रींनी त्या पेटीवर लोहचुंबक धरले. ते चिकटले नाही. त्यांनी पुन्हा धरले. मग माझ्याकडे न पाहता ग्राइंडर उचलला. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली तारेची जाळी, जाळीमागे कोंबलेली वर्तमानपत्रे. गंज जिथल्या तिथे होता. बोट लावले तर पत्र्याचा भुगा हाती येत होता.

"पुट्टी म्हणजे गाडीशी खोटं बोलणं, भाऊजी," हे तुझेच वाक्य. त्यामुळे प्रथम मला तुझी काळजी वाटली, राग नंतर आला. मी ती वर्तमानपत्रे उलगडून पाहिली. तारीख गेल्या वर्षीची, वीस मार्च. मी एकवीस मार्चला घरी परतलो होतो.

त्या आधीचे चाळीस दिवस मी पुलाच्या तपासणीसाठी परगावी होतो. मी जाण्यास तयार नव्हतो. तुझ्या ताईनेच बॅग भरून दिली. "तुम्ही जा हो. तुमच्यामागे मी धाकट्याकडून गाडीचं काम उरकून घेते. तुम्ही शेजारी उभे राहिलात की त्याला काही सुचत नाही." रोज संध्याकाळी सहाला ती फोनवर कामाचा अहवाल देई. आज पत्रा कापला. आज आतून घासला. मी नव्या पत्र्याची जाडी विचारली, तर क्षणही न थांबता म्हणाली, "सव्वा मिलिमीटर. आणि वेल्डिंग एकदम नाही हं, थोडं थोडं, नाहीतर पत्रा वाकतो." मागे ग्राइंडर किंचाळत असे. "काम जोरात दिसते," मी म्हणे. "जोरात म्हणजे! कान किटले माझे."

मी परतलो तेव्हा तिने केस अगदी आखूड कापले होते. म्हणाली, गाडीत उडतात. मी म्हणालो, शोभतात.

मिस्त्रींना मी विचारले, "हे काम तुमचे का?"

"छे हो साहेब! असलं काम करून तोंड कुठं दाखवू? मालकांनीच केलं, शेवटच्या दिवशी. एका दिवसात दुसरं काय होणार होतं?"

"आणि आधीचे एकोणचाळीस दिवस?"

त्यांनी ग्राइंडर खाली ठेवला. "म्हणजे तुम्हाला अजून... साहेब, ताईंना घेऊन ते रोज हॉस्पिटलला जायचे की. दुपारी आल्या की ताई ऑफिसातल्या बाकावर पडून असायच्या. सहा वाजता उठायच्या, तोंड धुवायच्या आणि तुम्हाला फोन लावायच्या. आम्ही भंगारातल्या पत्र्यावर ग्राइंडर चालवायचो. ताई खुणेनं सांगायच्या, जरा जोरात, ह्यांना ऐकू जायला हवं."

म्हणजे मिस्त्री जाणत होते, पेंटर जाणत होता, ऑफिसातली मुलगी जाणत होती. सव्वा मिलिमीटर तिला कोणी पढवले, हे मी विचारत नाही.

पुढे सात महिन्यांनी तिने मला आजार सांगितला, जणू कालच कळला आहे अशा आवाजात. जुनी फाइल तुझ्याकडे होती. डॉक्टरांशी तूच बोलायचास. मी बाहेर बसून मनोमन तुझे आभार मानत असे. ते आभार मी परत घेतो.

आणखी एक वाक्य आहे. ते लिहिण्याचे मी दोन पाने टाळले. मिस्त्रींनी तिला विचारले होते, साहेबांना का सांगत नाही? ती म्हणाली, "सांगितलं तर पुलासारखं मला रोज हातोडीनं ठोकून बघतील, कुठं पोकळ झालंय म्हणून." सगळे हसले म्हणे. तूही हसलास का?

ते वाक्य खोटे आहे असे मला म्हणता येत नाही. मी तक्ते केले असते, वेळा लिहिल्या असत्या, डॉक्टरांना हैराण केले असते. परंतु त्या बाकावर तिच्या उशाशी मी असतो. हे तुम्ही दोघांनी माझ्यावाचून ठरवले. ते चाळीस दिवस तुझ्याजवळ आहेत. माझ्याजवळ चाळीस फोन आहेत, आणि त्यांतला एकही खरा नाही.

मिस्त्री विचारत होते, पेटी बंद करू का. मी थांबायला सांगितले. रविवारी सकाळी दहाला मिस्त्रींच्या वर्कशॉपवर ये. नवा पत्रा तू स्वतः घाल. मी दिवा धरीन. काम करता करता पहिल्या दिवसापासून सांग: ती हॉस्पिटलला जाताना काय बोलायची, काय खायची, कशाला भ्यायची, रडली का. मला चांगले वाटावे म्हणून काहीही वगळू नकोस. क्षमा मागू नकोस. मागितलीस तर उत्तर द्यावे लागेल, आणि ते आज माझ्याकडे नाही. खरे तर मला तिच्यावर रागवायचे आहे. ती सोय तिने ठेवली नाही, म्हणून तुझ्यावर.

सोमवारी मिस्त्री पेटी बंद करतील, तू आलास तरी आणि न आलास तरी. त्यानंतर मी विचारणार नाही.

अजून तरी तुझा,
भाऊजी