फोनला ‘काऊन’ शिकवलं

मंगळवार, संध्याकाळ

नव्या फोनला आपली भाषा कळते, असं मी महिनाभर घरात सांगत होतो. आज मावशीची वाट बघताना आईनं माझ्याच फोनला विचारलं, “पवनारची बस काऊन नाई आली?” त्यानं ‘काऊ’ ऐकलं आणि कावळ्यांची माहिती सुरू केली. माझं तोंड उतरलं.

“त्याले शुद्ध मराठीत विचार,” मी म्हणालो.

“मी काऊन बदलू? तो नवा आहे, तोच शिकन.”

मग फोन तोंडाजवळ धरून ती हळू बोलली, “काऊन म्हणजे ‘का’ रे, बाबू.” चारदा समजावलं. शेवटी त्यानं माफी मागितली. आई खूश.

मला मात्र एकच खुपतंय. इतक्या शांतपणे तिनं मला कधी काही शिकवलं होतं का?