निरोपाचं आइस्क्रीम आणि माझी थंड पेटी

३ एप्रिल
हेडक्लार्कसाहेब तीस तारखेला निवृत्त होणार. निरोपाला चाळीस माणसांचं आइस्क्रीम ठरलं. ऑफिसचा फ्रिज दोन वर्षं बंद, त्यात फायली. कॅशिअरबाई म्हणाल्या, दुकानदार बर्फाची पेटी देतो. त्या पेटीत आधी काय काय कोंबलेलं असतं कुणी पाहिलंय? शी! मी उभं राहून जाहीर केलं, पेटी मी घरी करतो. सगळे गप्प झाले. आदरानेच. साहेबांची खुर्ची रिकामी होतेय. पुढाकार कोण घेतो हे वरून बघितलं जातं.

५ एप्रिल, रविवार
टीव्हीच्या दुकानामागच्या कचऱ्यातून थर्माकोल निवडून आणलं. एका तुकड्यावर मांजर आपलं काम उरकून गेली होती. तो बाहेरच्या बाजूला वापरीन.
करवतीने कापलं. दाणेच दाणे. चहात, भुवयांत, हिच्या केसांत. झाडले की उडतात, पुसले की चिकटतात. ही म्हणाली, संध्याकाळपर्यंत घर स्वच्छ दिसलं पाहिजे. मी सुचवलं, आज दिवे न लावता बसू. मान्य झालं नाही.

१२ एप्रिल
चपला चिकटवायच्या सोल्यूशनने तुकडे जोडले. थर्माकोल चक्क विरघळलं! शेंबडासारखा पिवळा लगदा. कन्या म्हणाली, बाबा, थर्माकोलला लावू नका असं डब्यावरच लिहिलंय. डब्यावर वाट्टेल ते लिहितात. बाकीचे तुकडे खिळे आणि चिकटपट्टीने जोडले. लगदा टाकवेना. फटी बुजवायला उत्तम.

१९ एप्रिल
पेटी पूर्ण. भिंती वीतभर जाड. बाहेरून ट्रंकेएवढी, आत जेमतेम दोन पातेली. ही म्हणाली, चाळीस जणांचं यात मावणार कसं? मी म्हटलं, माणशी दोन चमचे, निरोप आहे, जेवणावळ नाही. आतून माझा जुना रेनकोट लावला. वास येतो. नव्या वस्तूला येतोच.

२६ एप्रिल
चाचणी. सकाळी बर्फ ठेवला, सहा तासांनी अर्ध्याहून जास्त शिल्लक! हिने झाकण उघडून आत डोकं घातलं आणि तोंडावर पदर धरून बेसिनकडे पळाली. हिचं नाक पहिल्यापासून जरा जास्तच.

३० एप्रिल, रात्री आठ
शिपायाने आणि मी पेटी तीन जिने चढवली. शिपाई दर जिन्यावर थांबून माझ्याकडे नाही, पेटीकडे बघत होता. तेही किळसवाण्या नजरेने.
भाषणं झाली. झाकण उघडलं. आइस्क्रीम दगडासारखं! टाळ्या. मी मान झुकवली.
मग पहिला चमचा.
कॅशिअरबाई रुमालात थुंकल्या. टायपिस्ट खिडकीबाहेर. मागून कुणीतरी म्हणालं, पंक्चरच्या दुकानात जीभ लावल्यासारखं लागतंय. मी स्वतः एक चमचा गिळला. तो अजून घशाशी आहे.
पण साहेबांनी वाटी चाटूनपुसून संपवली. वर दुसरी मागितली! सगळ्यांदेखत! अख्ख्या ऑफिसात चव कळणारा एकच माणूस होता, नेमका तोच निघून गेला.

२ मे
ऑर्डर आली. खुर्ची कॅशिअरबाईंना. या ऑफिसचा वीट आला. भिंतींचा, पंख्यांचा, माणसांचा. उद्या साहेबांना गाठतो. त्यांचा शब्द अजून वर चालतो, आणि दोन वाट्यांची ओळख आहे.

३ मे, रविवार
साहेब घरी एकटेच होते. चहा त्यांनीच केला. साखर घालायची राहिली होती. मी तसं म्हटल्यावर ओशाळले.
मग म्हणाले, तुला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नकोस. चार वर्षांपूर्वी मोठा ताप आला, तेव्हापासून मला वास येत नाही, चव लागत नाही. जेवण म्हणजे नुसतं चावणं. गार-गरम तेवढं कळतं.
मी विचारलं, मग दुसरी वाटी?
म्हणाले, सगळे थुंकत होते आणि तू पेटीशेजारी एकटाच उभा होतास. बघवेना.
थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "गार मात्र होतं रे. खूप गार होतं."
बिनसाखरेचा चहा संपवला. खुर्चीचा विषय काढला नाही. घरी आलो.