तळघरातली झायलीन

१७ एप्रिल
सोलापुरात पोचले! बाहेर ऊन भाजून काढतंय, पण या बंद नाट्यगृहाचं तळघर मस्त गार आहे. इथल्या जुन्या रंगवलेल्या पडद्यावरचं काळवंडलेलं व्हार्निश मी आणि काव्या काढणार आहोत. काव्या माझी कॉलेजची मैत्रीण, मंद्रूपची. तिनेच हे काम आणलं. पहारेकरी ईश्वरप्पांनी आल्याआल्या चहा पाजला.

१८ एप्रिल
झायलीन या द्रावकात भिजवलेला कापूस फिरवला की पिवळा थर सुटतो आणि खालून निळंशार आभाळ निघतं. दिसायला पाणीच, वास गोडसर. पण वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते. म्हणून दार उघडं, हवा बाहेर फेकणारा पंखा चालू आणि तोंडावर मास्क, यात हयगय नाही. नाक या वासाला लवकर सरावतं. वास थांबला म्हणजे हवा साफ झाली असं नसतं. काव्याला हे दोनदा सांगितलं.

२० एप्रिल
काव्याचं डोकं फार दुखायला लागलं. दुपारीच मंद्रूपला गेली. पंखा मधूनमधून अडकतोय. दुरुस्तीवाला उद्या येतो म्हणाला. पडद्याचा तळ तेवढा उरलाय, म्हणून थांबले नाही.

२१ एप्रिल
काव्या परत आली. मी जमिनीवर बसून काम करत होते, ती हळूच शेजारी टेकली. मास्क नव्हता. रागावले, तर म्हणाली, तुला तरी वास येतोय का?
येत नव्हता.
झळ आत येते म्हणून तिने दार लावायला सांगितलं. लावलं.

२२ एप्रिल
पंखा बंदच. मास्कने जीव गुदमरतो, काव्या म्हणते काढ. ईश्वरप्पा वरून ओरडले, "ताई, एकट्याच कुनासंगं बोलताय वो?"
एकटी? काव्या नुसती हसली. बोटं बधिर—

२३ एप्रिल
फोन आला. काव्याचा. मंद्रूपहून. गेल्यापासून घरीच आहे म्हणते, अंथरुणात. तुझी जीभ अशी जड का झाली, विचारत होती—
मी शेजारी पाहिलं. काव्या बसलीय. फोन ठेव म्हणते.

ईश्वरप्पा दार बडवताहेत. तिनेच कळवलं असणार, त्या फोनवरच्या काव्याने. "ताई, कुलूप काडा! आतनं लावलंय की!"
मी कधी लावलं?
पाय उचलत नाहीत. लिहीत राहिले तर शुद्धीवर—
किल्ली डाव्या मुठीत आहे. माझ्याच. तिने वरून हात ठेवलाय. गार. मूठ उघडत ना