दुपट्यात टांगलेलं दही

गोडादरा, सुरत
९ एप्रिल १९९७, पाडव्याचा दुसरा दिवस

प्रिय रंजनावहिनी,

सुंदराचा नमस्कार. आम्ही तिघं इकडे बरे आहोत, तुम्हीही सगळे बरे असाल असं धरून चालते. दादाचा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? चेतन आता तीन वर्षांचा होईल, म्हणजे घर डोक्यावर घेत असेल. हे पत्र तू एकटीच वाच. दादाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

इकडची बातमी म्हणजे काल मी घरी श्रीखंड केलं. हसू नकोस. लग्नाला तेरा वर्षं झाली, पण दसरा असो की पाडवा, डेअरीतून पाव किलो आणायचं आणि वाटीवाटी वाढायचं, एवढंच मला येत होतं. यंदा शेजारच्या हंसाबेनच्या पोरीने जयश्रीला चिडवलं की तुझ्या मम्मीला मठो येतच नाही. इकडे श्रीखंडासारखंच करतात, त्याला मठो म्हणतात. मग मला राग आला. माझा राग तुला माहीत आहे. तुझ्याएवढा कुणालाच माहीत नाही.

सोमवारी सकाळी दही टांगलं. ह्यांनी मागावरचं कोरं कापड आणलेलं होतं, पांढरं, गुळगुळीत, त्यातच बांधलं. दुपार झाली तरी पोटली जशीच्या तशी फुगलेली, खाली घमेल्यात चार थेंब. हे जेवायला आले, पोटलीला बोट लावून म्हणाले, "आसं कसं व्हयनं वं?" जयश्री म्हणाली, "मम्मी, आ तो छाश थई जशे." म्हणजे ह्याचं ताक होणार. मग माझ्या ध्यानात आलं. कापड पॉलिस्टरचं. पाणी सोडेल कुठून?

घरभर शोधलं. साड्या पॉलिस्टर, ह्यांचे शर्ट पॉलिस्टर, पडदे, अभ्रे, सगळं तेच. टॉवेल सुती, पण त्याने हे अंग पुसतात. परकर सुती, पण परकरात कुणी दही टांगतं का? सगळी गल्ली दिवसभर कापड विणते आणि माझ्या घरात दह्यापुरतं सुती फडकं नाही.

नाही म्हणजे, एक होतं. ट्रंकेच्या तळाशी. ते काढलं, धुतलं, वाळवलं, दही त्यात ओतून खुंटीला टांगलं. लगेच थेंब पडायला लागले.

तेवढ्यात वीज गेली. गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. वहिनी, तुला ते कळायचं नाही, इथे ती खटखट इतकी अंगवळणी पडते की थांबली की कानाला भूल पडल्यासारखं होतं. हे आधीच कामावर परत गेले होते, जयश्री बाहेर. मी फरशीवर आडवी झाले. घमेल्यात टप, मग बराच वेळ काही नाही, मग टप. डोळे मिटत होते. झोप नव्हती आणि जागही नव्हती. आंबट वास यायला लागला आणि मला वाटलं मी आपल्या शेतातल्या खोपीत निजले आहे, बाहेर ज्वारी उभी आहे, तिची पानं सळसळताहेत, आणि बांधावर तू उभी आहेस. चेतन तुझ्या खांद्यावर होता. मी उठायला बघत होते आणि अंग उचलत नव्हतं. किती वेळ तशी पडून होते कोण जाणे. माग सुरू झाले तेव्हा उठले आणि रडत बसले.

आता आडपडदा कशाला ठेवू. ते फडकं म्हणजे चेतनचं दुपटं.

चौऱ्याण्णवला प्लेग आला, सुरत रिकामी झाली, आणि आम्ही तुझ्या दारात आलो. तू तान्ह्याला छातीशी धरून दारातूनच म्हणालीस, "शेतातल्या खोपीत राहा." बांधावरच्या दगडावर डबा ठेवायचीस आणि मागे सरायचीस. दसरा आला तोवर वीस दिवस झाले होते, आमच्यातल्या कुणाला साधी शिंक नव्हती, तरी घरात ये म्हणाली नाहीस. दसऱ्याला दगडावर पातेलं ठेवलंस, आणि ते बांधलं होतं कशात, तर बारशाला मी बाजारभर हिंडून मलमल घेऊन, हिरव्या दोऱ्याने काठ घालून पाठवलं होतं त्या दुपट्यात.

मला वाटलं, सुरतेचं कापड म्हणून तू ते लेकराजवळून काढलंस आणि माझं मला परत केलंस. मी दुपटं सोडून घेतलं आणि तू बाभळीखाली उभी असताना श्रीखंड मातीत ओतलं. सगळं. पातेलं दगडावर पालथं घातलं आणि दुसऱ्या दिवशी निघून आले. मागच्या दोन्ही वर्षी आखाजीच्या सणाला, अक्षय्य तृतीयेला, दादा मुराळी म्हणून न्यायला आला, त्याला मी जयश्रीच्या शाळेचं कारण सांगितलं. उन्हाळ्यात कसली शाळा. तो बिचारा चहा पिऊन गेला.

दुपटं इतकी वर्षं उलगडलंही नव्हतं. सोमवारी धुवायला घेतलं तेव्हा एका टोकाच्या गाठीत सुतळीचा तुकडा निघाला. तेव्हा नुसता सोडून टाकला. काल सकाळी चक्का काढला, दुपटं पसरलं, तर मधोमध दह्याचा पिवळट गोल उमटलेला, आणि त्याच्याच खाली दुसरा गोल, जुना, तेवढाच. पातेलं बांधायला सुतळी लागत नाही, वहिनी. आढ्याला टांगायला लागते. चक्का तू त्यातच बांधला होतास. घरातलं सगळ्यात मऊ फडकं तेच होतं ना?

आणि मग मी चक्क्यात साखर घालून तो चाळणीच्या पाठीवर हाताने घासायला बसले. अर्ध्या तासात खांदा भरून आला. तू हे तीन महिन्यांचं पोर पदराखाली घेऊन केलं होतंस, गावाच्या धाकात, माझ्यासाठी. मी मातीत ओतलं ते तुझे हात होते.

श्रीखंड चांगलं झालं. ह्यांनी बोटं चाटली, हंसाबेनने वाटी परत पाठवली ती धुतल्यासारखी. माझी वाटी मात्र मी जयश्रीला दिली.

तू मला खोपीत ठेवलंस त्याचा राग आजही थोडा आहे, खोटं कशाला बोलू. पण माझ्या कडेवर तीन महिन्यांचं लेकरू असतं तर मीही तेच केलं असतं.

आखाजीला महिना आहे. यंदा दादाला मुराळी म्हणून पाठवू नकोस. माहेरी न्यायला कुणी आल्याशिवाय जाऊ नये म्हणतात, म्हणू देत. मी आपल्या पायांनी येते. दुपटं घेऊन येते. डाग काही केल्या जात नाहीत आणि मी आता घासणारही नाही. विरजण लावून ठेव, टांगायचं आणि घासायचं मी बघते. तू नुसती बस.

दारात आले की मी आधी उंबऱ्याबाहेरच थांबेन. ये म्हणालीस तर आत येईन. नाही म्हणालीस तर खोपीची वाट मला ठाऊक आहे, आणि त्या दगडावर तू जे ठेवशील ते या वेळी खाईन.

तुझ्या 'ये'ची वाट बघणारी,
तुझी नणंद
सुंदरा