पुरलेली कुंडी

प्रिय बिऱ्हाडकरू,

तुझ्या गॅलरीतला पुदिना वाळला हे वाचून वाईट वाटलं, नवल वाटलं नाही. चौथा मजला, पश्चिमेचं ऊन आणि काळी प्लास्टिकची कुंडी. त्यात माती तापत नाही, शिजते. तू दोन वेळा पाणी घालतोस म्हणतोस, पण सुकलेल्या मातीत पाणी थांबत नाही. कडेकडेनं उतरतं आणि खालून पळतं. आता मातीच्या कुंड्या घे. भिंतीपासून लांब आणि एकमेकींना खेटून ठेव. एकट्या कुंडीला ऊन चारी बाजूंनी धरतं. हे मी तुला सांगावं म्हणजे गंमतच. या घरात कुंड्यांची बाजू नेहमी तुझी, वाफ्यांची माझी.

तुझ्या आई बऱ्या आहेत. गुडघा कुरकुरतो, जीभ नाही. दुपार चढायच्या आत मी कुंड्या पूर्वेच्या भिंतीला आणते, तेव्हा त्या स्टुलावर बसून देखरेख करतात. विंचवाचं बिऱ्हाड निघालं, असं रोज म्हणतात आणि रोज हसतात. कुंडीतली झाडं त्यांच्या लेखी बिऱ्हाडकरू, वाफ्यातली घरमालक. घरमालकांना काही हलवावं लागत नाही. ओव्याखाली वाळलेलं गवत पसरलंय, ते बाजूला करून बोट घातलं की भर उन्हातही खाली गार लागतं. तू असंच बोट घालून बघायचास आणि सदऱ्याला पुसायचास. मी चिडायची. तुझे इथे राहिलेले सदरे सगळे स्वच्छ आहेत. मधूनमधून धुवायला काढते, तेव्हाही स्वच्छच असतात.

मी नोकरी सोडून तुझ्याकडे येणार हे चष्म्याच्या दुकानात सांगून झालंय. मालकांनी चष्म्याच्या कपाटाची किल्ली माझ्याकडून घेतली, मग परत दिली, म्हणाले, जाईपर्यंत राहू दे. परवा एका म्हाताऱ्या गृहस्थांना नवी भिंगं बसवून दिली. त्यांनी चष्मा लावून आधी बायकोकडे पाहिलं आणि तू एवढी वाळलीस कधी, असं विचारलं. ती म्हणाली, तुम्ही बघत नव्हता तेव्हा. सगळे हसले. मी फ्रेमचा स्क्रू शोधत बसले. तो माझ्या हातातच होता.

आवराआवर चालू आहे. तू म्हणालास तसं, ऊन आणखी कडक व्हायच्या आत निघायचं, आईंना घेऊन, कुंड्या घेऊन, घराला कुलूप लावून. तुझ्या मागच्या पुलाच्या कामावर आम्ही राहायला आलो होतो तेव्हाही अशाच कुंड्या बांधल्या होत्या. मरवा तिथे जीव धरायला लागला आणि पूल पूर्ण झाला. तू पुढच्या नदीवर गेलास, आम्ही मरवा घेऊन परत आलो. तो वाटेतच गेला. पूल कधी होणार हे तुला मोजणी करून सांगता येतं, मरवा कधी रुजणार हे येत नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. या वेळी काम लांबणार आहे असं तू लिहिलंस. त्या वेळीही लिहिलं होतंस.

रविवारी पुदिना, ओव्याची फांदी, मरव्याचं नवं रोप अशा साऱ्या कुंड्या दोरीने बांधून दाराशी ठेवल्या. राहिली होती ती गवती चहाची. तुला आठवत असेल, जायच्या आधी तू ती कुंडीसकट वाफ्यात पुरलीस. माती गार राहील आणि निघताना उचलताही येईल. तुझंही खरं, माझंही खरं, असं म्हणालास. भांडण मिटवल्यासारखा हात झटकलास. आईंनी तेव्हाच तिचं नाव तळ्यात-मळ्यात ठेवलं. मी कडेने माती उकरली आणि कुंडी धरून ओढली. हलली नाही. आणखी उकरलं. आई स्टुलावरून उठून माझ्या मागे उभ्या राहिल्या. मी जोर लावला तेव्हा कुंडीची कड तुटून हातात आली. मग तुकडे एकेक करून काढले. झाड कुंडीच्या आकारातच उभं होतं, आणि तळाच्या भोकातून निघालेली मुळं दोरखंडासारखी खाली वाफ्यात गेली होती. वरून कुणाला दिसलं नव्हतं. मी कोयता आणायला वळले. तेव्हा आई म्हणाल्या, “कापायच्या आधी त्याला विचार. पुरली त्यानंच आहे.”

म्हणून लिहायला बसले. विचारायचं होतं, कापू का. एवढं लिहिल्यावर विचारायचं काही उरलं नाही. काल पत्र अर्धं ठेवून उठले, मुळांवर माती ओढली, पाणी घातलं. पानं थोडी मलूल झाली होती, आज सकाळी सरळ आहेत. आम्ही येत नाही. दाराशी बांधलेल्या कुंड्या उद्या सोडीन आणि तीही झाडं जमिनीत लावीन. पुदिन्याला तेवढा विटांचा बांध घालीन, नाहीतर तो सगळं अंगण घेईल. दुकानाच्या वाटेवर तुझ्या खात्याचं कार्यालय लागतं. तिथली ती बसून करायच्या कामाची जागा अजून रिकामी आहे. मी चौकशी केली नाही, जाता-येता खुर्ची दिसते. तुला बसून काम आवडत नाही हे मला माहीत आहे. तरी लिहिते. गवती चहाच्या शेजारची माती उकरल्यामुळे भुसभुशीत झाली आहे. तू ये. वर मातीच्या कुंड्या घे असं लिहिलंय, त्या घेऊ नकोस.

तुझीच,
घरमालकीण