बर्फातली रोहू

६ नोव्हेंबर २००६
सिंधूबाईंच्या गावी. खाणीचं काळं पाणी नदीला मिळतं, त्याच्या खाली त्यांचा नवरा जाळं टाकतो. दोनच मरळी. काळीज, कल्ले वेगळे काढून बर्फात. शिसं साचतं ते आधी तिथेच. सिंधूबाई बघत होत्या. "पोट्ट्याइले देऊ का नको, तेवढं सांगा मॅडम." निकाल येईपर्यंत नका देऊ, म्हटलं. घरात दुसरं काय आहे, ते विचारलं नाही.

९ नोव्हें.
विभागप्रमुख सर! प्राणिशास्त्रात जन्म काढला, पण माशाला हात लावायची वेळ आली की सोवळं आठवतं. प्रयोगशाळेत उदबत्ती. कापसाची पाहणी करायला दिल्लीचं पथक येतंय, त्यांच्यापुढे आपला नदीचा अहवाल ठेवायचा म्हणे. मासे पुरेसे नाहीत, म्हटलं. "मासे आणायला काय अक्कल लागते?" नाही, सर. पुढच्या कामाला लागते.

१३ नोव्हें.
टेबलावर ट्रेभर रोहू. सगळ्या एका मापाच्या, पोटात बर्फ. आमचे शिपाई हरिभाऊ बाजारातून घेऊन आले. आंध्रातून ट्रकने येतात त्या. "मी म्हटलं नदीचे नाईत हे. तं सर म्हने, मासा मासाच असते." प्रत्येकीला चिठ्ठी, सरांच्या मोत्यासारख्या अक्षरात आमच्या नदीचं नाव. विचारायला गेले तर म्हणतात, आंध्रात काय पाणी नसतं? या माणसाला पीएचडी दिली कुणी? अहवालावर सही करणार नाही, म्हटलं. तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे ना, असं गोड आवाजात...
माझ्या मरळी नागपूरच्या तपासणी प्रयोगशाळेत पडून आहेत. सरांच्या रोहूंना पहिला नंबर.

२१ नोव्हें.
पथक आलं, गेलं. कापसाच्या पराटीत उभं राहून फोटो, केबिनमध्ये काजू. अहवाल कुणी उघडलाही नाही. एका वार्ताहराने मात्र छापला. नदीतले मासे खायला सुरक्षित. खाली सरांचं नाव आणि, न विचारता, माझं. स्टाफरूममध्ये अभिनंदन चाललंय. गाढवांनो.

२४ नोव्हें.
दुपारी सिंधूबाई दारात. एवढ्या लांबून एसटीने. पिशवीत मोठी मरळ, त्याच पेपरात गुंडाळलेली.
"पोरीनं तुमचं नाव वाचून दाखवलं. म्हटलं, मॅडमनं लिवलं म्हंजे आता भेव नाई. कालपासून पोट्टे खाऊन राह्यले."
पाणी दिलं. बसा म्हटलं. सरांवर चार दिवस मनात रचलेली सगळी वाक्यं होती, त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. शेवटी सांगितलं, ते मी लिहिलेलं नाही, ते मासे नदीचे नव्हतेच.
त्यांनी ओला पेपर उलगडून माझ्या नावावर बोट ठेवलं.
"मंग हे काहून हाये इथं?"